मायक्रोसाइट आणि ताडोबाची सफारी

मायक्रोसाइट : लोक शोधपेटीत टाइप करतात त्या एखाद्याच शब्दसमूहाला वाहिलेले, पाच-दहा पानांचे स्वतंत्र संकेतस्थळ. नावापासून मजकुरापर्यंत सारे त्या एका शोधासाठी बेतलेले असते. कमाई बहुधा अफिलिएट पद्धतीने होते. दुव्यात साइटवाल्याची खूण असते आणि तेथून गेलेल्या ग्राहकाने खरेदी केली की त्याला कमिशन मिळते. अमेझॉनने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केल्यावर ही पद्धत जगभर रुळली.

चंद्रपूर जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवती दिसते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे. आज येथील सफारीला देशभरातून मागणी आहे आणि कोअर क्षेत्रात रोज सोडायच्या जिप्सी गाड्यांची संख्या ठरलेली आहे. जागा मोजक्या, विचारणारे अमाप. म्हणून ‘ताडोबा’ला सफारी, बुकिंग, टायगर असे शब्द जोडून घेतलेली डोमेन-नावे भराभर उभी राहिली. वनखात्याची अधिकृत आरक्षणाची साइटही पूर्वी डॉट ओआरजी पत्त्यावर होती. असा पत्ता कोणालाही घेता येतो, त्यामुळे नुसत्या नावावरून सरकारी कोणती आणि खासगी कोणती हे पर्यटकाला कळणे कठीण होते. ऑगस्ट २०२३ मध्ये आरक्षणाचे कंत्राट असलेल्या कंपनीविरुद्ध सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराची तक्रार होऊन चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. त्यानंतर आरक्षण जीओव्ही डॉट इन पत्त्यावर गेले. सरकारी साइट ओळखण्याची खूण म्हणून हा बदल मोलाचा आहे.

अशा खासगी साइटचे पहिले पान साधारण ठरलेले असते : वाघाचा मोठा फोटो, खाली नाव, मोबाइल, तारीख व माणसे विचारणारा फॉर्म, कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचे बटण. येथे दुव्यापेक्षा फॉर्मच कमाई करून देतो. भरलेली माहिती रिसॉर्टला किंवा टूरवाल्याला जाते आणि परवाना, जिप्सी, गाइड यांच्या शुल्कावर सेवाशुल्क चढते. अशी दलाली बेकायदा असतेच असे नाही. मात्र आपण दलाल आहोत हे पानावर स्पष्ट लिहिलेच पाहिजे. जाहिरात मानकांविषयीच्या भारतीय परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी अशाच खुलाशाची मार्गदर्शक तत्त्वे आणली.

एसईओच्या, म्हणजे शोधात वर दिसण्याच्या तंत्राच्या, बाजूने पाहता केवळ नावाच्या जोरावर वर येण्याचे दिवस सरले. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने नाव जुळते पण मजकूर निकस, अशा साइट खाली ढकलल्या. मार्च २०२४ च्या धोरणाने ढिगाने पाडलेला मजकूर आणि मुदत संपलेली डोमेन विकत घेऊन केलेला वापर यांवर बोट ठेवले. टिकायचे तर जागेवरची माहिती हवी, आणि ती बाहेर बसून लिहिणाऱ्याकडे क्वचितच असते. उदाहरणार्थ, मोहर्लीचे गेट चंद्रपूरकडून सोयीचे, तर नागपूरहून चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलाऱ्याचे जवळ. एका गेटचे आरक्षण आणि दुसऱ्या गेटजवळ मुक्काम झाला, तर पहाटे जंगलाबाहेरून मोठा फेरा पडतो. सफारी मंगळवारी बंद असते. पावसाळ्यात कोअर बंद राहून भोवतालच्या बफर क्षेत्रातील काही गेट सुरू असतात. परवान्यावर नोंदवलेले मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. मोहर्लीचा गाइड हे सारे सहज सांगतो. त्याच गावातल्या होमस्टेवाल्याची स्वतःची मराठी-हिंदी साइट असेल, तर कमिशनचा पैसा गावात राहील. प्रस्तुत लेखकाला या तंत्राचा सर्वांत रास्त उपयोग हाच वाटतो.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात चित्र वेगळे आहे. अहेरी तालुक्यातील कमलापूरचा हत्ती कॅम्प, सिरोंच्याजवळील वडधमचे जीवाश्म उद्यान, वैनगंगेकाठचे मार्कंडा मंदिर ही ठिकाणे मोलाची; पण विकायला रिसॉर्टची खोली नाही, म्हणून कमिशन नाही आणि म्हणून अफिलिएटवाल्यांची गर्दीही नाही. रस्ता, मुक्काम, पावसाळ्यात तुटणारा संपर्क यांविषयी नेमके लिहिणाऱ्या स्थानिक मराठी साइटला शोधात येथे फारशी स्पर्धा नाही.