क्रूझ जहाजांचे मैलापाणी आणि आंग्रिया बँक : एका नियमाचा इतिहास

प्रस्तावना : मुंबई व मुरगाव बंदरांत येणारे क्रूझ जहाज म्हणजे एक तरंगते शहरच होय. त्यातील मैलापाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय नियम कसा घडला व कोकणच्या समुद्रास तो कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमाची जडणघडण : 1967 मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज खडकावर फुटले आणि सागरी प्रदूषणाची चर्चा प्रामुख्याने तेलाभोवती केंद्रित झाली. 1973 च्या 'मारपोल' करारात मैलापाणी व कचरा यांचाही समावेश झाला. परंतु तेलाचे नियम 1983 मध्ये, कचऱ्याचे 1988 मध्ये, तर मैलापाण्याचे 2003 मध्ये अमलात आले. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासावरील जहाजास प्रक्रिया न केलेले मैलापाणी सर्वांत जवळच्या भूमीपासून 12 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरनंतर, चालत्या स्थितीत हळूहळू सोडता येते.

आंग्रिया बँक : विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरवर हा प्रवाळयुक्त उंचवटा आहे. त्याचा माथा सुमारे 20 मीटर पाण्याखाली असल्याने तो 'भूमी' ठरत नाही. परिणामी अंतराच्या निकषावर तेथे मैलापाणी सोडण्यास आडकाठी राहत नाही. याउलट ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस ग्रेट बॅरिअर रीफच्या बाहेरून आखलेल्या रेषेपासून अंतर मोजण्याची तरतूद याच करारात आहे.

निष्कर्ष : किनाऱ्यापासूनचे अंतर हा निकष किनाऱ्याचे रक्षण करतो, खोल समुद्रातील प्रवाळ त्याच्या कक्षेबाहेर राहतात. मोजणीची रेषा बदलता येते, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आंग्रिया बँकेसाठी भारताने अशाच तरतुदीचा आग्रह धरणे आवश्यक आहे.