नून, काफ, लाम

उर्दूत नून, काफ आणि लाम ही तीन अक्षरे जोडली की 'नक्ल' हा शब्द होतो. मराठीतली 'नक्कल' ती हीच. पण नूनवर पेश दिला की तोच शब्द 'नुक्ल' होतो. नुक्ल म्हणजे मद्याबरोबर तोंडात टाकायचे खाणे, आजच्या बारमधला चखणा. मद्य आम्हांला वर्ज्य, पण शब्दकोशातून ते कसे हद्दपार करणार? छापील उर्दूत जेर, जबर, पेश सहसा देत नाहीत. त्यामुळे नक्कल आणि चखणा दिसायला एकच. बारच्या टेबलावर फणसाचा कबाब येतो, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच बशीत असतात.

बिनमांसाचा कबाब ही अलीकडची टूम आहे, किंवा फसवणूक आहे, असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक याने 'किताब अल-तबीख' हा पाकग्रंथ लिहिला. त्यात 'मुजव्वरात' म्हणजे बिनमांसाचे पदार्थ आहेत. मुजव्वर म्हणजे बनावट. उर्दूतला 'तजवीर' त्याच धातूपासून आला. हे पदार्थ कोणासाठी? उपवासात मांस न खाणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. बनावट फक्त नावात होते, हेतूत नव्हते. खलिफांच्या राजधानीतल्या पाकग्रंथात शेजाऱ्याच्या उपवासाला जागा होती.

आपल्याकडे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत. पहिला बिनमांसाचा, त्याला 'सूफियाना' म्हणत. अकबर ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करी. याच वर्गात 'चिखी' येते. १० शेर गव्हाच्या पिठाची कणीक धूत धूत २ शेर उरवायची. पिठूळपणा पाण्याबरोबर जातो आणि चिवट गोळा मागे राहतो. तो चावताना मांसाची आठवण व्हावी असा. अर्थात चिखीच्या कृतीत सोबत मांसाचाही उल्लेख आहे, म्हणजे अस्सल आणि नक्कल एकाच भांड्यात.

फणसाचा कबाब जमतो तो शामी कबाबामुळे. शामीत खिम्याला धरून ठेवते ती चण्याची डाळ. खिम्याच्या जागी कोवळ्या फणसाचा तंतुमय गर घेतला, तरी डाळ, आले, लसूण आणि गरम मसाला तेच राहतात. हराभरा कबाबात पालक आणि वाटाणा येतो, बांधायला बटाटा.

चिकन मंचुरियनचे श्रेय मुंबईच्या नेल्सन वँग यांना देतात. साल १९७५ सांगतात. पुढे चिकनची जागा फ्लॉवरने घेतली आणि गोबी मंचुरियन गाड्यागाड्यांवर पोहोचले. २०२४ मध्ये गोव्यात म्हापसा नगरपालिकेने त्याच्या गाड्यांवर बंदी घातली, तर कर्नाटकाने त्यातल्या कृत्रिम रंगांवर. तक्रार रंगाची आणि स्वच्छतेची होती, नक्कल केल्याची नव्हती.

आज माणसाच्या डब्यात काय आहे यावरून त्याची पारख होते. अशा काळात मांस न खाणारा माणूसही 'कबाब' हा शब्द सोडायला तयार नाही, ही साधी गोष्ट नाही. त्याने मांस नाकारले, पण आमची चव आणि आमचा शब्द घरात घेतला. नक्कल आपण त्याचीच करतो, जे आपल्याला आवडते. मुजव्वरात लिहिणाऱ्याने शेजाऱ्यासाठी चूल वेगळी मांडली नव्हती, फक्त कृती बदलली होती. एका दस्तरखानावर बसायला तेवढे पुरते.