छावणीतले आजार आणि आपले डॉ. कोटणीस

युद्धात सैनिक फक्त गोळीने मरतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढाईपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक दगावले. खेड्यापाड्यांतली, कधी गोवर न झालेली मुले प्रशिक्षण छावणीत एकत्र आली आणि साथ पसरली. दूषित पाण्याने हगवण, टायफॉइड आले ते वेगळेच.

पुढे स्पेनच्या यादवी युद्धात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी बाटल्यांतून रक्त थेट आघाडीवर नेले. नंतर ते चीनमध्ये गेले. तिथे शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलिन तेव्हा मिळतच नव्हते.

बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. चिनी यादवी तात्पुरती थांबवून दोन्ही पक्ष जपानशी लढत होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि नव्या डॉक्टरांना त्याच भाषेत शिकवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी फिट्स येऊन त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

फिट्स म्हणजे वेडेपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. मेंदूतल्या विद्युत संदेशांचा तो अचानक झालेला गोंधळ असतो. कोटणीसांसारखा कर्तबगार माणूसही त्यातून सुटला नाही. आज बहुतेक रुग्णांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात राहतात. तरीही आमच्या पनवेलमध्ये लग्न मोडेल या भीतीने आजार लपवणारी घरे आहेत.

एवढे लक्षात ठेवा:

• फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा.
• तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही.
• घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर लगेच १०८ ला फोन करा.
• बरे वाटते म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

कोटणीस होते तिथे औषधांचा तुटवडा होता. आपल्या गल्लीत मेडिकलचे दुकान आहे. मग गोळी चुकवायची कशाला?