विधी प्रवेश परीक्षा : कलमांच्या पाठांतरापेक्षा वाचनाची कसोटी

वैद्यकीय वा अभियांत्रिकीला प्रवेश हुकला की वळायची वाट, अशी कायद्याच्या शिक्षणाची ओळख महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. सकाळचे दोन-तीन तास महाविद्यालय, दिवसभर नोकरी आणि परीक्षेच्या तोंडावर नोट्स, असेच त्याचे सर्वसाधारण चित्र. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये सुरू झाली आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळू लागली. त्याबरोबर प्रवेशासाठी चुरसही आली. आज बारावीनंतर कायद्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रवेश परीक्षांची रांगच उभी असते. यातील कोणत्या परीक्षेसाठी काय वाचायचे, याविषयी मात्र पालकांत आणि विद्यार्थ्यांत अजूनही बराच गोंधळ दिसतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘क्लॅट’ ही यातील सर्वांत परिचित परीक्षा. २००८ पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपली स्वतंत्र परीक्षा घेत असे. वेगवेगळे अर्ज, वेगवेगळे शुल्क आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात धावपळ यामुळे विद्यार्थी हैराण होत. हे प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यातून सामायिक परीक्षेचा मार्ग निघाला आणि ११ मे २००८ रोजी सात विद्यापीठांसाठी पहिली क्लॅट झाली. सध्या विद्यापीठांचा महासंघ ही परीक्षा घेतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेशही याच परीक्षेतून होतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही आपली वेगळी परीक्षा घेते.

राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून ‘एमएच-सीईटी लॉ’ आहे. मुंबईचे १८५५ मध्ये स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय असो वा पुण्याचे १९२४ पासूनचे आयएलएस, तेथील जागा राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी याच कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे.

दोन परीक्षा, दोन स्वभाव

क्लॅट आणि राज्याची सीईटी या एकाच अभ्यासात उरकता येतील, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

क्लॅटचे स्वरूप २०२० मध्ये मुळापासून बदलले. त्याआधी दोनशे सुटे प्रश्न असत. सामान्यज्ञानात थेट माहिती विचारली जाई आणि जाडजूड मार्गदर्शके पाठ करणाऱ्याला त्याचा लाभ होई. २०२० पासून संपूर्ण प्रश्नपत्रिका उताऱ्यांवर आधारलेली आहे. आधी १५० प्रश्न होते; डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून ते १२० झाले. वेळ दोन तास. इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि दहावीच्या पातळीचे गणित असे पाच विभाग. गणिताचे प्रश्न जेमतेम दहा ते चौदा. प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते.

सीईटीचा स्वभाव निराळा. ही परीक्षा संगणकावर होते आणि २०२५ पासून तिच्यातही दोन तासांत १२० प्रश्न असतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कायदेविषयक अभिरुची आणि तर्क यांना प्रत्येकी ३२, सामान्यज्ञान व इंग्रजीला प्रत्येकी २४ आणि गणिताला आठ प्रश्न असे वाटप आहे. प्रश्न बहुतांशी सुटे व थेट असतात. राज्यघटनेतील तरतुदी, कायद्यातील लॅटिन संज्ञा, गाजलेले निवाडे यांची माहिती येथे उपयोगी पडते. इंग्रजीचा विभाग वगळता प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे येथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.

खरी अडचण वेगाची

क्लॅटच्या माहितीनुसार एक उतारा सुमारे साडेचारशे शब्दांचा असतो. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले आणि गणित बाजूला ठेवले, तरी वीस-बावीस उतारे होतात. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास शब्द, तेही प्रश्न आणि पर्याय वगळून. मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने वाचणाऱ्याचा एक तास केवळ उतारे वाचण्यातच जातो. सव्वादोनशे शब्दांच्या वेगाने वाचणाऱ्याचे तेच काम चाळीस मिनिटांत होते. कायद्याचे ज्ञान दोघांचे सारखेच असले, तरी वीस मिनिटांचा हा फरक निकालात उतरतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथे आहे. त्याला विषय समजत नाही असे नव्हे; तो समजायला लागणारा वेळ परीक्षा देत नाही. ही परीक्षा प्रादेशिक भाषांतही घ्यावी, यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. प्रश्नपत्रिका अद्याप इंग्रजीतच आहे आणि तयारी हे गृहीत धरूनच करावी लागते. सुदैवाने वाचनाचा वेग हा कमावता येणारा गुण आहे. मात्र तो शेवटच्या तीन महिन्यांत येत नाही. त्यामुळे अकरावीत महागडा शिकवणी वर्ग लावण्यापेक्षा रोज तासभर इंग्रजी वाचनाची सवय अधिक मोलाची ठरते.

ही सवय लावण्याची एक सोपी रीत आहे. दिवसातील एक मोठी घडामोड आधी मराठी वृत्तपत्रात सविस्तर वाचावी, मग त्याच विषयावरील इंग्रजी अग्रलेख घ्यावा. विषय ओळखीचा झालेला असल्याने अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लागतो, शब्दकोश दर ओळीला उघडावा लागत नाही. लेखकाचे म्हणणे काय, त्याने कोणते कारण दिले आणि कोणती गोष्ट गृहीत धरली, ही तीन उत्तरे दोन-दोन ओळींत वहीत उतरवावीत. तर्काच्या विभागात विचारतात ते नेमके हेच. क्लॅटचा चालू घडामोडींचा विभागही यातूनच तयार होतो. कारण तेथे उतारा समोर असला तरी अनेक प्रश्नांची उत्तरे उताऱ्याबाहेरच्या वाचनावर अवलंबून असतात.

पहिले दोन महिने हे काम कंटाळवाणे वाटते. बहुतेक जण येथेच सोडतात.

कायदा येत नसला तरी चालतो

‘कायदेविषयक तर्क’ या नावाने विद्यार्थी धास्तावतो आणि कलमे पाठ करू लागतो. वास्तविक क्लॅटच्या या विभागात कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नाही. उताऱ्यात एक तत्त्व दिलेले असते, प्रश्नात काही घटना सांगितलेली असते. ते तत्त्व त्या घटनेला लावायचे.

उदाहरणार्थ, नोकराने नोकरीचे काम करीत असताना केलेल्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाने द्यावी, काम करण्याच्या पद्धतीबाबत मालकाने मनाई केली होती म्हणून त्याची सुटका होत नाही. मात्र नोकर सर्वस्वी स्वतःच्या कामासाठी गेला असेल तर मालक जबाबदार नाही, असे उताऱ्यात म्हटले आहे असे समजू. नाशिकचा टेम्पोचालक वाशीच्या बाजारात कांदा उतरवून परत निघतो. गाडी वेगाने चालवू नये, अशी मालकाची ताकीद असतानाही तो वेगाने चालवतो आणि एका सायकलस्वाराला धडक देतो. मालक जबाबदार आहे काय? उत्तर ‘होय’ असे आहे. रिकामा टेम्पो परत आणणे हा कामाचाच भाग आहे आणि ताकीद होती ती काम कसे करावे याविषयी. आता घटना बदलू. सुटीच्या दिवशी तोच चालक न विचारता टेम्पो काढून नातेवाइकाच्या लग्नाला जातो आणि तसाच अपघात होतो. दिलेल्या तत्त्वानुसार मालक जबाबदार नाही.

येथे दोन प्रकारचे विद्यार्थी चुकतात. पहिल्याला जखमी माणसाची दया येते आणि कोणीतरी भरपाई दिलीच पाहिजे, असे वाटून तो मालकाला जबाबदार धरतो. दुसऱ्याने मोटार वाहन कायदा आणि विम्याविषयी कुठेतरी वाचलेले असते. तो उताऱ्यात नसलेली माहिती उत्तरात घुसवतो. दुसऱ्याची चूक अधिक हटवादी असते, कारण त्याच्या मते तो बरोबरच असतो. वर्गात महिनोन् महिने कलमे पाठ करून घेणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

सीईटीसाठी मात्र थोडे पाठांतर लागते आणि तेथे जुन्या पुस्तकांचा धोका संभवतो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. खुनाच्या शिक्षेचे ‘३०२’ हे चित्रपटांनी घरोघरी पोहोचवलेले कलम नव्या संहितेत १०३ झाले आहे. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर स्वस्तात मिळणारे मार्गदर्शक घेताना त्यावरील वर्ष पाहूनच घ्यावे. घटनेच्या अभ्यासाला जुनी प्रतही बऱ्याच अंशी चालते. फौजदारी कायद्याला नाही.

वजा गुणांची भीती

क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीला पाव गुण वजा होतो. या पाव गुणाच्या धाकाने अनेक विद्यार्थी वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडतात. हिशेब काही वेगळेच सांगतो. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चुकीचे आहेत असे ठरवता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडण्यात सरासरी तीन अष्टमांश गुणाचा फायदा आहे. एकही पर्याय वगळता येत नसेल तर फायदा नाममात्र, पण तोटाही नाही. तेव्हा भीती बाळगायची ती एका अवघड उताऱ्यावर आठ-दहा मिनिटे अडकून पडण्याची. सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट मिळते, आणि शेवटचे चार सोपे उतारे न वाचताच राहणे हा सर्वांत महागडा दोष आहे. सराव चाचण्या याचसाठी द्यायच्या असतात. आठवड्याला एक चाचणी आणि तिच्या चुकांवर दुप्पट वेळ, हे प्रमाण रोज एक चाचणी देऊन गुण मोजत बसण्यापेक्षा फलदायी ठरते. महासंघाच्या संकेतस्थळावरील मागील प्रश्नपत्रिका आधी सोडवाव्यात. २०२० पूर्वीच्या मात्र केवळ कुतूहलापुरत्या.

वेळापत्रक आणि खर्च

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. पूर्वी ती बारावीनंतर मे-जूनमध्ये असे. आता ती महाविद्यालयांच्या सराव परीक्षांच्या ऐन तोंडावर येते. अकरावीनंतरची उन्हाळी सुटी ते दिवाळी हाच तयारीचा मुख्य काळ समजावा आणि डिसेंबरनंतर पूर्ण लक्ष बोर्डाकडे द्यावे. सीईटी बोर्डाच्या परीक्षेनंतर होत असल्याने तिच्या पाठांतराला तेव्हा अवधी मिळतो.

खर्चाचा विचार घरात आधीच व्हायला हवा. क्लॅटच्या अर्जाचेच शुल्क अलीकडे सर्वसाधारण गटासाठी चार हजार रुपये राहिले आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिक्षण व वसतिगृह यांचा वार्षिक खर्च लाखांत जातो, तर शासकीय विधी महाविद्यालयाचे शुल्क काही हजारांत भागते. केवळ नावासाठी दूरच्या राज्यातील नवख्या विद्यापीठात कर्ज काढून जाण्यापूर्वी मुंबई-पुण्यातील जुन्या महाविद्यालयांचा पर्याय मनापासून तपासावा. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ हा उपक्रम सुरू केला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी निवडक विद्यार्थ्यांना या परीक्षेचे प्रशिक्षण आणि प्रवेशानंतरही मदत देण्याचे त्याचे काम चालू आहे.

परीक्षा झाली म्हणजे सारे संपले, असे मानू नये. तात्पुरती उत्तरतालिका जाहीर झाल्यावर आक्षेप नोंदवण्यासाठी मोजके दिवस मिळतात. १ डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधील उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२५ मध्ये निकाल लागेपर्यंत प्रवेश रखडले. आपली उत्तरे परीक्षेच्या दिवशीच पडताळून ठेवावीत आणि चूक दिसल्यास मुदतीत आक्षेप घ्यावा. महाराष्ट्रातील तिन्ही विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, परंतु त्यांचा दावा अर्ज भरतानाच करावा लागतो. अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तहसील कार्यालयात सप्टेंबरपूर्वीच अर्ज द्यावा.