पाळीव कासवे आणि निर्जंतुकीकरणाचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत लाल कानांची छोटी कासवे घरोघरी मुलांची खेळणी बनली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू रोगलक्षणे न दाखवता वास्तव्य करतात आणि विष्ठेवाटे पाण्यात व पिंजऱ्यात पसरतात. त्यामुळे या छंदातील स्वच्छता हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरला. प्रस्तुत लेखात त्यावरील उपायांचा विचार केला आहे.

प्राणीच निर्जंतुक करण्याचे प्रयत्न

१९७० च्या दशकाच्या आरंभी कासवांपासून दरवर्षी सुमारे २,८०,००० व्यक्तींना संसर्ग होत असल्याचा अंदाज वर्तवला गेला. १९७२ मध्ये कासवे साल्मोनेलामुक्त असल्याच्या प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परंतु जिवाणू अधूनमधूनच बाहेर पडत असल्याने एका चाचणीवर विसंबता येईना. अखेर १९७५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

निर्यातीसाठी पैदास मात्र चालू राहिली. लुइझियाना राज्यात कासवांची अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत विकसित झाली. तथापि १९९० मध्ये कॅनडातील संशोधकांनी आयात कासवांत जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू आढळल्याचे नोंदवले. उपायातूनच नवी समस्या उद्भवली होती.

पृष्ठभागांचे महत्त्व

१९९६ मध्ये डेन्व्हर प्राणिसंग्रहालयातील कोमोडो ड्रॅगनच्या प्रदर्शनानंतर साल्मोनेलाची साथ उद्भवली. खात्रीचे व संशयित मिळून ६५ रुग्ण आढळले. मुलांनी प्राण्याला नव्हे, तर सभोवतालच्या लाकडी कठड्याला हात लावला होता. ज्यांनी नंतर हात धुतले, त्यांना धोका कमी होता, असे तपासात दिसून आले.

रसायनांची निवड

लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत प्रतिष्ठा मिळवून दिलेले कार्बोलिक आम्ल व त्या वर्गातील फिनॉलयुक्त द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात. झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये हात धुण्यासाठी योजलेल्या क्लोरीनची परंपरा ब्लीचच्या रूपाने टिकून आहे. मात्र विष्ठा व अन्नकणांच्या सान्निध्यात त्याची शक्ती क्षीण होते. डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रकाशात आणलेली चतुष्क अमोनियम संयुगे साबणाच्या अंशाने निष्प्रभ होतात. म्हणून प्राणी बाजूला काढणे, घाण खरवडणे, साबणाने धुणे, पाण्याने खळबळणे, जंतुनाशक ठरावीक काळ राहू देणे व पुन्हा धुऊन वाळवणे हा क्रम आवश्यक ठरतो. सच्छिद्र लाकूड पूर्णतः निर्जंतुक करणे कठीण असते. ही भांडी स्वयंपाकघरात धुणेही टाळावे लागते.

समारोप

प्राण्याला जंतुमुक्त करण्याचे प्रयत्न अपुरे ठरले. परिसराची स्वच्छता आणि हात धुणे हे साधे उपाय मात्र उपयुक्त ठरले. जंतुनाशक हे स्वच्छतेला पूरक असते, पर्याय नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.