‘कॅच-२२’ : कोंडीचे इंग्रजी शब्द आणि मेंढा-लेखाचा बांबू

‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ किंवा ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या म्हणी मराठी माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. कोणत्याही बाजूने सुटका नसलेल्या परिस्थितीसाठी इंग्रजीतही अनेक शब्दप्रयोग आहेत. ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील काही उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो.

‘डिलेमा’ हा यांपैकी सर्वात जुना शब्द. ग्रीक भाषेतील ‘डाय’ म्हणजे दोन आणि ‘लेमा’ म्हणजे गृहीत विधान. दोन पर्याय समोर असतात आणि दोन्ही अडचणीचे ठरतात. अशा पर्यायांना इंग्रजीत डिलेमाची ‘शिंगे’ म्हणतात. मराठीतील ‘शृंगापत्ती’ या शब्दातही तीच कल्पना आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. बंदी ठेवावी तर चोरटी दारू फोफावते, उठवावी तर संसार उघड्यावर येतात, असा हा वाद होता. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासून दारूबंदी आहे. निवड कठीण असली, तरी निवड करता येते, हे डिलेमाचे लक्षण होय.

‘हॉब्सन्स चॉइस’मध्ये निवडीचा केवळ आभास असतो. थॉमस हॉब्सन (१५४४-१६३१) हा केंब्रिजमध्ये भाड्याने घोडे देत असे. तबेल्यात घोडे पुष्कळ. पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा घ्यावा, नाहीतर पायी जावे, असा त्याचा शिरस्ता होता. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा वेळी पैलतीरी जाऊ इच्छिणाऱ्यापुढे डोंगा असेल तर डोंगा, अन्यथा पाणी उतरेपर्यंत वाट पाहणे एवढेच उरते. ही हॉब्सनची निवड झाली.

‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ या वाक्प्रचारात दोन्ही बाजूंना संकट उभे असते. १९८० नंतरच्या दशकांत गडचिरोलीतील अनेक आदिवासी गावांनी हे अनुभवले. रात्री आलेल्या नक्षलवाद्यांना भाकरी द्यावी तर पोलिसांचा संशय, पोलिसांशी बोलावे तर ‘खबऱ्या’ म्हणून जिवाला धोका. येथे माणसाने काहीही निवडलेले नसते. तो दोन शक्तींच्या मध्ये सापडलेला असतो.

‘कॅच-२२’ हा शब्दप्रयोग यांहून वेगळा आणि वयाने लहान आहे. जोसेफ हेलर या अमेरिकन लेखकाची याच नावाची कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांची ही कथा. वेड लागलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सूट मिळावी, असा नियम. पण सूट त्याने स्वतः मागितली पाहिजे. मागितली की तो जिवाला जपतो, अर्थात शहाणा आहे, असे सिद्ध होते आणि सूट नाकारली जाते. नियमच सुटकेचे दार दाखवतो आणि नियमच ते बंद करतो, हे कॅच-२२ चे मर्म होय. केवळ कठीण प्रसंगाला हे नाव देणे योग्य नव्हे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने अशीच कोंडी पाहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले आणि त्यावर गावांचा मालकी हक्क मान्य केला. त्यानुसार २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना ‘झाडा’त होती. त्यामुळे बांबू गावाचा असला, तरी तो गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे आणि परवाना देणे वनविभागाच्या हाती होते. विभाग तो देईना. हक्क कागदावर होता. पण विकता न येणाऱ्या बांबूचे गावाने करावे काय?

ही गाठ सुटण्यास दोन वर्षे लागली. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तकच मेंढ्याच्या ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. पुढे २०१७ साली केंद्राने वन कायद्यात दुरुस्ती करून बांबूला ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळले. कॅच-२२ चा उलगडा दोन पर्यायांतून एक निवडून होत नाही. तेथे नियमच बदलावा लागतो, हे यावरून दिसते.

कोंडी दिसते तरी. छुपी अडचण दिसतही नाही. तिच्यासाठीचे काही इंग्रजी शब्द रानातून आणि नदीतून आले आहेत. ‘पिटफॉल’ म्हणजे मुळात जनावर पडावे म्हणून खणून वरून झाकलेला खड्डा. ‘स्नॅग’ म्हणजे फांदीचा उरलेला खुंट. अमेरिकेतील नद्यांत पाण्याखाली अडकलेल्या, होडीचा तळ फोडणाऱ्या ओंडक्यालाही हेच नाव पडले. सारे सुरळीत असताना मध्येच उद्भवणाऱ्या अडचणीला आज स्नॅग म्हणतात. आपल्या ‘मेख’ या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे. ‘अ‍ॅम्बुश’ या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील ‘रानात दडणे’ हा अर्थ आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस अशाच हल्ल्यात मृत्युमुखी पडले. ‘माइनफील्ड’ हा शब्द आज नाजूक विषयासाठी सहज वापरला जातो. भूसुरुंगांनी माणसे गमावलेल्या गडचिरोलीत त्याचा मूळ अर्थच आधी आठवतो.

थोडक्यात, दोन वाईट पर्याय म्हणजे डिलेमा, एकच पर्याय म्हणजे हॉब्सन्स चॉइस, दोन संकटांमधील सापळा म्हणजे डेव्हिल आणि डीप सी, आणि स्वतःलाच छेद देणारा नियम म्हणजे कॅच-२२. अडचणीला अचूक नाव दिले, की उपाय कोठे शोधावा हेही कळते. मेंढ्याच्या ग्रामसभेने तो जंगलात नव्हे, कायद्याच्या व्याख्येत शोधला.