सुन जीहाय : तळटीप

* ‘दालियनचा सुन’ : सुन जीहाय (जन्म १९७७). चिनी रीतीनुसार ‘सुन’ हे आडनाव. म्हणून मूळ मजकुरात ते आधी आले आहे आणि आम्हीही तसेच ठेवले आहे. ईशान्य चीनमधल्या दालियन या बंदराच्या शहरात तो घडला. १९९८ मध्ये आणखी एक चिनी खेळाडू फान झियी याच्यासोबत तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल संघात गेला. क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. पुढच्या वर्षी तो दालियनला परतला. २००२ च्या आरंभी व्यवस्थापक केव्हिन कीगन यांनी त्याला मँचेस्टर सिटीत आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध हेडरने गोल करून तो प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला चिनी खेळाडू ठरला. मूळचा तो बचावपटू, पण मधल्या फळीतही तितक्याच सहजतेने खेळे.

लेखकाने उल्लेखिलेला ‘अर्धवट राहिलेला विश्वचषक’ २००२ चा. चीनचा पुरुष संघ विश्वचषकासाठी पहिल्यांदाच पात्र ठरला होता; कोस्टा रिकाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात सुन जखमी होऊन बाहेर पडला. २००४ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्याला पुन्हा गाठले. तरी तो २००८ पर्यंत मँचेस्टर सिटीत टिकला, नंतर शेफील्ड युनायटेडमार्गे मायदेशी गेला आणि २०१६ मध्ये निवृत्त झाला. एका गोलापेक्षा ही चिकाटी मोठी, असे आम्हांला वाटते. – संपा.